चार किलो गाळाचा हिशेब

सांडपाणी प्रकल्पावर काम करणाऱ्या कुणालाही पावसाळ्यात विचारा, सगळ्यात मोठी डोकेदुखी कसली? पाण्याची नव्हे, गाळाची. पाण्यावर प्रक्रिया होते आणि ते पुढे निघून जातं. मागे उरतो काळपट, चिकट, वास मारणारा गाळ. मे महिन्यात तो वाळवणीच्या वाफ्यावर पसरला की भेगा पडतात, कडा वर वळतात आणि फावड्याने अलगद उचलता येतो. जूनच्या मध्यानंतर तोच गाळ आठवडेच्या आठवडे तसाच पडून राहतो. वर ताडपत्री आणि ताडपत्रीखाली माश्या. इकडे टाक्या भरत असतात आणि गाळ काढून ठेवायला जागा नसते.

म्हणून दर पावसाळ्यात कुणीतरी मला विचारतंच, "मॅडम, मायक्रोवेव्हमध्ये नाही का वाळवता येणार?"

हा प्रश्न मला कधीच वेडगळ वाटला नाही, कारण नेमकं हेच करून पाहिलं गेलं आहे आणि तेही नीट मोजमाप करून. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात पाणी आणि स्वच्छता या विषयांचं उच्च शिक्षण देणारी आयएचई ही संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी मैल्याच्या गाळावर मायक्रोवेव्हचे प्रयोग केले. आधी प्रयोगशाळेच्या पातळीवर, मग त्याहून मोठ्या यंत्रात. निष्कर्ष 2016 आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या मोठ्या यंत्रात एका वेळी चार किलो गाळ घातला जाई. या चार किलोंचा हिशेब उलगडून पाहिला की मायक्रोवेव्ह कुठे घ्यावा आणि कुठे त्याच्या नादी लागू नये, हे बरंचसं स्पष्ट होतं. आकडे त्यांचे आहेत. त्यांवर केलेली गणितं माझी आहेत आणि ती जिथे येतील तिथे तसं सांगेन.

मुळात हा प्रश्न कशासाठी पडला

डेल्फ्टच्या लोकांसमोर पावसाळ्यात अडकलेला वाफा नव्हता. त्यांच्यासमोर होत्या निर्वासितांच्या छावण्या, भूकंपानंतरचे तंबू आणि शहरांतल्या दाट झोपडवस्त्या. अशा ठिकाणी संडास थोडे आणि वापरणारे खूप. खड्डा काही दिवसांत भरतो. भरलेला मैला उपसला तर न्यायचा कुठे? प्रक्रिया केंद्र बांधायला वेळ लागतो, जागा लागते, आणि जैविक प्रक्रियेतले जिवाणू रुळायला पुन्हा आठवडे जातात. छावणीकडे यातलं काहीच नसतं.

मैला नीट हाताळला नाही तर काय होतं, याचं सगळ्यात भयंकर अलीकडचं उदाहरण हैतीचं आहे. 12 जानेवारी 2010 रोजी तिथे भूकंप झाला. ऑक्टोबरमध्ये कॉलरा उसळला, आणि तोही अशा देशात जिथे निदान शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती. माग काढत गेल्यावर तो आर्तिबोनीत नदीच्या एका उपनदीकाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळापर्यंत पोहोचला. तळावरचा मैला नदीत उतरला होता. पुढच्या काही वर्षांत 8 लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि जवळपास 10 हजार माणसं दगावली. 2016 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण त्यामुळे यंत्राकडून काय हवं होतं ते कळतं. पहिली गरज होती जंतू मारण्याची, तेही तासाभरात, जागच्या जागी. गाळाचं आकारमान कमी होणं ही दुसरी गरज, म्हणजे कमी खेपांत वाहून नेता येईल. आपल्या वाफ्यावरचा प्रश्न बरोबर उलटा आहे. आपल्याला आधी वाळवण हवी असते. एकाच यंत्राकडून दोन वेगळ्या अपेक्षा. पुढच्या सगळ्या हिशेबाची मेख इथेच आहे.

आधी छोटा प्रयोग

पहिल्या टप्प्यात प्रयोगशाळेतल्या छोट्या मायक्रोवेव्हमध्ये संडासातल्या घट्ट काळ्या पाण्याचा, म्हणजे मलमूत्र मिसळलेल्या पाण्याचा, ताजा गाळ ठेवण्यात आला. सतत वापरात असलेल्या संडासाच्या खड्ड्यातल्या मैल्याशी मिळताजुळता म्हणून तो निवडला होता. शक्ती आणि वेळ बदलत गेले आणि दोन गोष्टी मोजल्या: आकारमान किती घटलं आणि ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू किती उरले. आकारमान 70 टक्क्यांहून अधिक घटलं. ई. कोलाय मोजणीच्या मर्यादेखाली गेले, म्हणजे सापडलेच नाहीत.

ई. कोलाय हा सूचक जिवाणू आहे. तो मेला म्हणजे सगळं मेलं असं नाही. मैल्यात खरे चिवट असतात ते गोल जंतांची अंडी. मातीत ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. क्लोरीनला दाद देत नाहीत. उष्णतेपुढे मात्र त्यांचं काही चालत नाही. अमेरिकेत गाळाच्या वापरासाठी 1993 मध्ये जे नियम आले, त्यांत शेतात निर्धोक वापरता येईल अशा वरच्या दर्जाच्या गाळासाठी एक मार्ग दिलेला आहे: 70 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला निदान 30 मिनिटं. पाश्चरीकरणच ते, दुधाऐवजी गाळाचं. हा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

एक गैरसमज इथेच बाजूला करते. मायक्रोवेव्हच्या लहरी जंतूंना उष्णतेशिवाय काही वेगळ्याच तऱ्हेने मारतात, असं विकायला येणारे लोक हमखास सांगतात. घरातल्या ओव्हनची लहर 2450 मेगाहर्ट्‌झची असते. रासायनिक बंध तोडायला लागते त्याच्या मानाने तिच्या एका कणाची ऊर्जा अगदीच नगण्य आहे. उष्णतेपलीकडच्या परिणामांवर संशोधकांत वाद झडले आहेत, शोधनिबंधही आहेत. पण यंत्र विकत घेताना त्या वादावर पैसे लावू नयेत. जंतू तापमानाने आणि वेळेने मरतात असं धरून चालावं, आणि विक्रेत्याला गाळाच्या गोळ्याच्या मधोमध तापमान किती गेलं ते दाखवायला सांगावं.

चार किलो, 3.4 किलोवॅट

दुसरा टप्पा मोठ्या यंत्राचा. चार प्रकारचे गाळ घेतले: सांडपाणी केंद्रातला पातळ गाळ, तोच गाळ सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे वेगाने फिरवून, पाणी काढून, संडासातला मैला, आणि सेप्टिक टँकमधला गाळ. प्रत्येक वेळी चार किलो. मायक्रोवेव्हची शक्ती 3.4 किलोवॅट. वेळ 30 मिनिटांपासून 240 मिनिटांपर्यंत. जिवाणूंचा पूर्ण नायनाट झाला. वजन आणि आकारमान 60 टक्क्यांहून अधिक घटलं. वाळलेल्या गाळाचं उष्मांकमूल्य किलोला 16 मेगाज्यूल किंवा त्याहून जास्त भरलं.

16 मेगाज्यूल म्हणजे साधारण वाळक्या लाकडाच्या जवळपास. वाचणाऱ्याला वाटतं, वा! जंतू मेले, वजन घटलं, वर इंधनही मिळालं. मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. मग वही काढली.

चार किलो गाळ बहुतांश पाणीच असतो, म्हणून सोपेपणासाठी पाणीच धरू. 20 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला सुमारे 1,340 किलोज्यूल लागतात. 3.4 किलोवॅटची सगळी शक्ती गाळात उतरली तर हे काम साडेसहा मिनिटांत होतं. आता 60 टक्के वजन घटवायचं, म्हणजे 2.4 किलो पाण्याची वाफ करायची. एका किलोला 2,257 किलोज्यूल या दराने 5,400 किलोज्यूलच्या वर. दोन्ही मिळून साधारण 6,750 किलोज्यूल, म्हणजे 33 मिनिटं.

या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहा. साडेसहा मिनिटांत सगळा गाळ उकळीला येतो. त्या आधीच, चार मिनिटांच्या सुमारास, तो 70 अंश ओलांडतो. पुढची सत्तावीस मिनिटं फक्त पाण्याची वाफ करण्यात जातात. जंतू मारायला लागणारी उष्णता सुरुवातीलाच देऊन होते. ऊर्जा खातं ते वाळवण.

शिवाय 33 मिनिटं हा कागदावरचा आदर्श आकडा आहे. प्रत्यक्षात शक्तीचा काही भाग गाळात जातच नाही, काही परत फिरतो, काही यंत्राच्या भिंती तापवतो. आणि एक बारीकशी पण महागडी गोष्ट: वाफ बाहेर नीट खेचली गेली नाही तर ती आतल्या थंड पत्र्यावर जमते, थेंब होऊन पुन्हा गाळात पडते आणि तेच पाणी दुसऱ्यांदा उकळावं लागतं. असं यंत्र घ्यायची वेळ आलीच तर मॅग्नेट्रॉनच्या, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाच्या, शक्तीइतकंच वाफ खेचणाऱ्या पंख्याबद्दल विचारायला हवं.

मारणं स्वस्त, वाळवणं महाग

आता हेच किलोच्या भाषेत मांडते. भिंतीवरच्या प्लगमधून घेतलेली वीज आणि गाळात उतरलेली उष्णता यांत दोन ठिकाणी गळती असते. 2450 मेगाहर्ट्‌झचा मॅग्नेट्रॉन साधारण दोन तृतीयांश विजेचं लहरींत रूपांतर करतो. त्या लहरींपैकी 85 टक्के गाळाने शोषल्या असं उदारपणे धरलं, तर एकूण कार्यक्षमता 58 टक्क्यांच्या आसपास येते.

एक किलो पाणी 25 अंशांवरून तापवून त्याची वाफ करायला सुमारे 0.71 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. प्लगपाशी मोजली तर 1.2 युनिटच्या थोडी वर. एक किलो गाळ 25 वरून 70 अंशांवर न्यायला 0.052 युनिट, प्लगपाशी 0.09. मग टाकीला नीट आच्छादन केलं तर ते तापमान अर्धा तास टिकवायला फारसं काही लागत नाही. म्हणजे जंतू मारण्याच्या तेरा-चौदा पट वीज वाळवण्यात जाते.

माझं या प्रकरणातलं म्हणणं सगळं या एका गुणोत्तरात आहे. मायक्रोवेव्ह हे जंतू मारायचं चांगलं आणि झटपट यंत्र आहे. पाणी घालवायला मात्र तो परवडत नाही, कारण पाणी घालवण्याचे त्याच्याहून कितीतरी स्वस्त मार्ग आहेत.

किती स्वस्त, तेही पाहू. समजा तुमच्या केंद्रात दिवसाला 100 किलो कोरडा घनपदार्थ तयार होतो. घट्ट केलेल्या टाकीतून तो 4 टक्के घनपदार्थाच्या पातळ गाळातून निघत असेल तर एकूण गाळ 2,500 किलो, त्यात पाणी 2,400. हाच गाळ पॉलिमर, म्हणजे गाळाचे कण एकत्र आणणारं रसायन, देऊन फिल्टर प्रेस किंवा सेंट्रिफ्यूजमधून काढला आणि 20 टक्क्यांवर आणला, तर एकूण 500 किलो उरतो, त्यात पाणी 400. पिळण्याच्या एका पायरीत दोन हजार किलो पाणी गेलं, वाफ न करता. पिळलेला गाळ मायक्रोवेव्हने 90 टक्के कोरडा करायला माझ्या हिशेबाने 475 युनिटच्या आसपास वीज लागते. न पिळता थेट ठेवला तर 2,900 युनिट. युनिटला 8 रुपये धरा, रोजचे 3,800 रुपये आणि रोजचे 23 हजार रुपये असा हा फरक. सांडपाणी केंद्राच्या चालवण्याच्या खर्चात गाळाचा वाटा निम्म्यापर्यंत जाऊ शकतो, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पिळणं टाळून कुणी मायक्रोवेव्ह बसवला तर तो वाटा कुठे जाईल ते सांगायला नको.

आणि ते 16 मेगाज्यूल? 100 किलो कोरड्या गाळात 1,600 मेगाज्यूल, म्हणजे 444 युनिट उष्णता. वाळवायला 475 युनिट वीज घातली आणि 444 युनिट उष्णता हातात आली. त्या उष्णतेची परत वीज करायला गेलं तर छोट्या केंद्रात पाव हिस्साही मिळणं कठीण. पिळलेल्या गाळाची ही गत, तर पातळ गाळाबद्दल बोलायलाच नको.

पण जरा वेगळ्या बाजूने पाहा. त्याच पिळलेल्या गाळातलं पाणी उडवायला लागणारी निव्वळ उष्णता 276 युनिट आहे, आणि गाळ स्वतः जळताना 444 देतो. म्हणजे गाळ गाळालाच वाळवू शकतो, मध्ये वीज आणायची गरजच नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईत 2018 मध्ये मैला गाळाचं प्रक्रिया केंद्र सुरू झालं, रोज 70 हजार लिटर क्षमतेचं. त्याची रचना याच विचारावर बेतलेली आहे: गाळ वेगळा करा, वाळवा, कमी हवेत तापवून कोळसा करा, आणि त्यातून निघणारी उष्णता वाळवणीला वापरा. वाईत सेप्टिक टँक भरून वाहायची वाट न बघता ठरलेल्या वेळापत्रकाने उपसले जातात, त्यामुळे केंद्राला गाळाचा पुरवठा सारखा राहतो. जिथे गाळ रोज येतो आणि वर्षानुवर्षं येणार आहे, तिथे मायक्रोवेव्हला या रचनेशी स्पर्धा करता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग त्याचं खरं बलस्थान कोणतं

वेळ आणि जागा. आणि अजून एक, ज्याबद्दल कमी बोललं जातं: चिकटपणा.

गाळ वाळताना, घनपदार्थाचं प्रमाण 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असताना, एक टप्पा येतो, जिथे तो तिंबलेल्या कणकेसारखा होतो. फिरत्या पात्याला चिकटतो, गरम भिंतीवर थर धरतो, मोटर कण्हू लागते. गरम भिंतीतून उष्णता देणाऱ्या ड्रायरमध्ये वरची साय आधी वाळते, ती आतली ओल अडवते आणि बाहेरून कितीही तापवलं तरी गाभा ओलाच राहतो. मायक्रोवेव्हमध्ये भिंत गरम करायची गरज नसते. लहर थेट पाण्याच्या रेणूंना आणि गाळातल्या क्षारांना हलवते, आणि जिथे पाणी आहे तिथेच उष्णता तयार होते.

तरी ती फार खोल जात नाही. घरगुती वारंवारतेला साध्या पाण्यात दीड-दोन सेंटिमीटरवर तिचा जोर बराच ओसरतो. खारट पाण्यात त्याहूनही लवकर. म्हणून बादलीभर गाळ एकदम ठेवला की कड उकळते आणि मध्य कोमट राहतो. मोठ्या कारखानी यंत्रांत कधी 915 मेगाहर्ट्‌झ वापरतात. तिची लहर जवळपास 33 सेंटिमीटर लांब, 2450 च्या 12 सेंटिमीटरच्या तुलनेत, त्यामुळे ती जास्त खोल शिरते. त्या वारंवारतेचे मॅग्नेट्रॉनही विजेचा जास्त चांगला उपयोग करतात. पण ती यंत्रं अवजड आणि महाग. छावणीत ट्रकवरून नेण्यासारखी नव्हेत.

हे मी पुस्तकातूनच नाही, डोळ्यांनीही पाहिलं आहे. आमच्या लॅबमध्ये गाळातली ओल पटकन काढण्यासाठी एक जुना मायक्रोवेव्ह ठेवलेला आहे. काचेच्या बशीत प्रेसवरचा केक, म्हणजे पिळलेल्या गाळाची वडी, ठेवायचा, चमच्याने पातळ पसरायचा, वजन करायचं, मिनिट-मिनिट चालवायचं. पहिल्या मिनिटात वास सुटतो, अमोनियाचा, डोळ्यांत झोंबणारा. मग केकवर फोड येतात आणि फट्‌ फट्‌ करत फुटतात. थर जाड राहिला असेल तर शिंतोडे वरच्या पत्र्यापर्यंत. थोड्या वेळाने कडेला पडलेला एखादा केस किंवा धागा आधी करपतो आणि मधला गोळा अजून ओला चकाकत असतो. पातळ थर दिला तर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. डेल्फ्टचे लोक एकाच गाळावर शक्ती आणि वेळ बदलून का पाहत राहिले, ते त्या बशीकडे बघितलं की समजतं.

अमोनियाचा तो वास पुढे एका नळीत जातो, हेही विसरायला नको. मोठ्या यंत्रातली वाफ थंड करून जे पाणी मिळालं, त्यात नायट्रोजन लिटरला 49 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त निघाला. संशोधकांनी त्याकडे खत म्हणून पाहिलं, आणि छावणीशेजारी शेत असेल तर ते बरोबरच आहे. केंद्रावर मात्र ते पाणी पुन्हा आपल्याच टाकीत येणार आणि आपल्याच जिवाणूंना ते पचवावं लागणार. वाफेबरोबर दुर्गंधीही येते. तिच्यासाठी वेगळी सोय नसेल तर शेजारची सोसायटी पहिल्याच आठवड्यात तक्रार करेल, आणि तिची तक्रार योग्यच असेल.

सांडपाण्यावरच, म्हणजे गाळावर नव्हे तर पाण्यावर, थेट मायक्रोवेव्ह चालवण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर एका ओळीत संपवते. रोजच्या दहा लाख लिटर पाण्याचं तापमान 45 अंशांनी वाढवायला 52 हजार युनिट लागतात. तेच पाणी नेहमीच्या जैविक पद्धतीने साफ करायला काही शेकडो युनिट पुरतात. रंगाच्या किंवा औषधांच्या कारखान्यातल्या थोड्या, पण फार जहाल पाण्यावर सक्रिय कोळशाबरोबर मायक्रोवेव्ह वापरतात. तिथे कोळसा लहरी शोषून लालबुंद होतो आणि त्यावर बसलेली रसायनं जळतात. तो वेगळा विषय आहे.

डिझेलवर चालवलं तर

छावणीत वीज बहुधा जनरेटरची असते. एक लिटर डिझेलमधून तीन-सव्वातीन युनिट वीज निघते. मायक्रोवेव्हने वाळवायचं म्हटलं तर त्या लिटरभर डिझेलवर अडीच-पावणेतीन किलो पाणी उडतं. तेच डिझेल नुसतं जाळून उष्णता वापरली तर कागदावर चौदा किलो. छावणीत डिझेल पाण्याइतकंच मोलाचं असतं. वाळवण्यासाठी ते वापरायला कोणताही प्रमुख तयार होणार नाही, होऊही नये.

आता मारण्याचा हिशेब करा. तोच लिटर 35 किलोच्या आसपास मैला 70 अंशांवर नेतो. तापून बाहेर पडणाऱ्या मैल्याची उष्णता आत येणाऱ्या थंड मैल्याला दिली, तर त्याहून बराच जास्त. दूध डेअरीत हे रोज होतं. मैला घट्ट असल्यामुळे नळ्या तुंबतील, त्या रुंद ठेवाव्या लागतील, पण अशक्य काही नाही.

म्हणून मला वाटतं की डेल्फ्टच्या प्रयोगाने दोन उत्तरं एकत्र दिली आणि त्यातलं एकच उचलून घ्यायला हवं. "साठ टक्के वजन घटलं" हा आकडा मथळ्याला छान दिसतो. मी मात्र वाळवणीचा मोह सोडून जंतू मारण्यापुरतंच यंत्र बनवा म्हणेन. लहान, ट्रकवर बसणारं, मैला येईल तसा पातळ थरातून जाऊ देणारं. वाळवण नंतर ऊन करेल, किंवा वाईसारखं केंद्र करेल. एक धोका यात आहे आणि तो लपवणार नाही: ओला गाळ निर्जंतुक केला तरी थंड झाल्यावर त्यात जिवाणू पुन्हा वाढू शकतात, विशेषतः बाहेरचा थोडासा कच्चा मैला मिसळला तर. त्यामुळे आत जाणारा आणि बाहेर येणारा मैला यांच्या बादल्या, पाइप, फावडी सगळं वेगळं लागेल. पण जंतांची अंडी एकदा मेली की मेली, ती पुन्हा वाढत नाहीत. आणि कॉलऱ्याची साखळी तोडायला मैला नदीपर्यंत पोहोचण्याआधीचे ते काही तासच महत्त्वाचे असतात.

आपल्याकडे अशी गरज नाही असं मानू नका. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी येतात, शहराची व्यवस्था ज्या हिशेबाने उभी आहे त्याच्या कितीतरी पट. नाशिकला 2027 मध्ये सिंहस्थाची शाही स्नानं आहेत. दोन्हीकडे नदी हाकेच्या अंतरावर, दोन्ही पर्वण्या पावसाळ्यात, म्हणजे वाफ्यावर गाळ वाळण्याची शक्यताच नाही. फिरत्या संडासांतला मैला काही दिवसांपुरता प्रचंड वाढतो आणि मग ओसरतो. एवढ्या दिवसांसाठी कुणी कायमचं केंद्र बांधणार नाही. ट्रकवरचं यंत्र मात्र एका पर्वणीहून दुसरीकडे जाऊ शकतं.

पुडी

हे सगळं माझ्या मनात पक्कं बसलं होतं तेव्हा आमच्या केंद्रावरचे सगळ्यात जुने ऑपरेटर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, लॅबमध्ये आले. त्या दिवशी मी केकऐवजी सक्शन गाडीने आणलेला सेप्टिकचा गाळ बशीत घेतला होता. मामा म्हणाले, "मॅडम, हा असा सरळ नका ठेवू." मी ठेवला. दहा-बारा सेकंदांत आत निळसर ठिणगी उडाली, कडकड आवाज झाला. घाईने बंद केलं. बशीत, गाळात बुडालेला, नखाएवढा एक चकाकता तुकडा होता. गुटख्याच्या पुडीचा.

पुडीच्या आतल्या बाजूला धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो. मायक्रोवेव्हमध्ये त्याच्या कडांवर विद्युत ठिणग्या पेटतात. लॅबमध्ये बशी काळी झाली, एवढंच नुकसान. किलोवॉटांच्या यंत्रात अशा ठिणगीने वेव्हगाइडची, म्हणजे लहरी आत आणणाऱ्या नळीची, खिडकी जळते, परत फिरलेल्या लहरींनी मॅग्नेट्रॉन खराब होतो, आणि आत वाळलेला गाळ असेल तर आगही लागू शकते. डेल्फ्टमध्ये कुणी संडासात गुटख्याच्या पुड्या टाकत नसावं. आपल्याकडे सेप्टिक टँकमध्ये काय काय निघतं ते मामांना विचारा.

त्यानंतर मामांनी स्वतःच गाडीच्या पाइपाच्या तोंडाशी जाळी बसवली आणि तिच्याखाली प्लास्टिकची जुनी बादली ठेवली. एका गाडीमागे बादलीत काय जमतं ते आता मी लॅबच्या रजिस्टरात लिहून ठेवते, कारण इथे कधी मायक्रोवेव्ह आणायचा झाला तर त्याच्या तोंडाशी कोणती चाळणी लागेल ते या नोंदींवरून ठरवता येईल. आजच्या गाडीची नोंद अशी: पुड्या एकवीस, सॅनिटरी पॅड सहा, ब्लेडची पाती चार, सेफ्टी पिना दोन, एक रिकामं औषधाचं पाकीट ज्याच्या मागे चांदीसारखा कागद आहे, आणि लहान मुलाची पितळी घुंगरांची वाळी, एक.